गाण्याची खोली कोणाची?

आज आम्ही तुम्हाला मुंबईतल्या एका गाण्याच्या जागेविषयी सांगणार आहोत. तिथं जॅझ वाजायचं, म्हणजे अमेरिकेतलं संगीत. तुम्ही म्हणाल, माण-खटावच्या आणि आटपाडी-जतच्या बायकांना जॅझशी काय करायचंय? तर ती जागा होती लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात. परळ, लालबाग, भायखळा ही नावं आपल्या घरात नवी नाहीत. आपल्या दुष्काळी पट्ट्यात ज्या घरातून एकही माणूस मुंबईला गिरणीत गेला नाही, असं घर शोधावं लागेल. जिथं आपल्या आज्या-सासऱ्यांच्या पिढीनं सूत काढलं आणि कापड विणलं, त्याच भागात पुढं रात्री तिकीट काढून गाणं ऐकायला लोक येऊ लागले. हे कसं घडलं, आणि त्यातून आपण काय घ्यायचं, हा आजचा विषय.

आधी जॅझ म्हणजे काय ते पाहू. आफ्रिकेतून धरून आणलेल्या काळ्या माणसांना अमेरिकेत गुलाम म्हणून शेतात राबवलं जायचं. राबता राबता ती माणसं गायची. एक जण ओळ टाकायचा, बाकीचे ती उचलायचे. आपण जात्यावर बसतो, भांगलायला जातो, तेव्हा जे करतो तेच. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. पुढं न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात या गाण्यांना बँडची वाद्यं भेटली, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल, पियानो. त्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅझ उभं राहिलं. १९१७ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली.

या लोकांशी आपलं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतोच. जोतीरावांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली निघालं. ते त्यांनी अमेरिकेतल्या अशा लोकांना अर्पण केलं, ज्यांनी काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. म्हणजे जॅझ जन्माला यायच्या आधीच, ते ज्यांच्यातून जन्मलं त्या माणसांच्या दुःखाची ओळख एका कटगुणकराला पटली होती.

मुंबईत हे संगीत आलं ते मात्र गरिबाच्या दारानं आलं नाही. ते ताजमहाल हॉटेलच्या नाचाच्या दालनात आलं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे काळे अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये वाजवायला आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ हे ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. त्यांच्या स्वतःच्या देशात काळ्या माणसाला कितीतरी हॉटेलांत पाऊल टाकता येत नव्हतं. इथं त्यांना पंचतारांकित हॉटेलात मान होता, पण समोर नाचणारे होते साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत शेठ. ज्या समाजाच्या घामातून ते गाणं निघालं, तसल्या घामाची माणसं मुंबईत लाखोंनी होती. ती तिथून तीन-चार मैलांवर गिरणीच्या भोंग्यावर उठत होती. त्यांना या गाण्याचा पत्ताही नव्हता.

हे संगीत इथं रुजवलं गोव्याच्या पोरांनी. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना व्हायोलिन आणि सुरांची लिपी शिकवायचे. गावात पोट भरेना म्हणून ती मुलं मुंबईला यायची आणि धोबी तलावाच्या आसपास ‘कुडां’मध्ये राहायची. कूड म्हणजे कोकणीत खोलीच. एका गावाची एक कूड. भिंतीला लावलेल्या पेट्या, एका कोपऱ्यात देव्हारा, महिन्याची थोडी वर्गणी, आणि नोकरी लागेपर्यंत डोक्यावर छप्पर. हे ऐकताना तुम्हाला काय आठवलं? आपल्या माणसांची गावकीची खोलीच ना! कुणी तिला गाळा म्हणायचं. तिथंही एका गावाची माणसं, भिंतीला ट्रंका, दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला झोपणार. फरक इतकाच की आपल्या गाळ्यात भजनाचे टाळ होते आणि त्यांच्या कुडीत ट्रम्पेट.

त्या मुलांनी काळ्या उस्तादांच्या मांडीला मांडी लावून जॅझ शिकून घेतलं. फ्रँक फर्नांड हे वेदरफोर्ड यांच्या बँडमध्ये वाजवायचे. मिकी कुरैया यांचा बँड १९३९ पासून पुढं किती तरी वर्षं ताजमध्ये होता. आल्दोना गावचे अँटोनियो झेवियर वाझ तर ‘चिक चॉकलेट’ या नावानं इतके गाजले, की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

मग १९४९ साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलांतल्या नाचगाण्याचा खर्च निघत होता तो दारूवर. ती आटली, तशी वाजवणाऱ्यांची मिळकत आटली. बरेच जण सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गिरणी कामगाराचा मुलगा भगवान दादा यांचा ‘अलबेला’ १९५१ साली आला. त्यातल्या ज्या चालींवर आजही वरातीत पाय थिरकतात, त्यांच्यामागं चिक चॉकलेट यांच्या बँडचा मोठा हात होता. अशा रीतीनं जॅझ आपल्या तंबू टॉकीजपर्यंत पोचलं. आपण ऐकलंही, नाचलोही, फक्त त्याचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं.

आणि वाजवणाऱ्यांचंही नाव ठाऊक नव्हतं. सिनेमाच्या पाटीवर संगीतकाराचं नाव मोठं. सुरांची मांडणी लिहून देणारा, पन्नास वादकांना एका तालात आणणारा गोवेकर मात्र बहुतेक वेळा पाटीवर दिसत नसे. अँथनी गोन्साल्विस हे मोठे व्हायोलिनवादक आणि शिक्षक. देशभर त्यांचं नाव घुमलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळं, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते नाव सिनेमात आणलं. लोकांना वाटलं, ते सिनेमातलं पात्र आहे. खरा माणूस हयात होता, आणि कितीकांना माहीतही नव्हतं.

यात एका बाईची गोष्ट आम्हाला जास्त लागली. साठच्या दशकात चर्चगेटच्या रस्त्यावर लहान लहान हॉटेलांत जॅझ वाजायचं. तिथं लॉर्ना कोर्डेरो नावाची तरुण मुलगी ख्रिस पेरी यांच्या बँडमध्ये गायची. तिच्या कोकणी गाण्यांनी गोवा वेडा झाला. सत्तरच्या दशकात दोघांचं फाटलं, आणि ही बाई वीसहून जास्त वर्षं गप्प झाली. बँडशी झालेल्या करारामुळं तिला दुसऱ्या कुणाबरोबर गाता येत नव्हतं, असं सांगितलं जातं. १९९५ साली गोव्यात ती पुन्हा मंचावर उभी राहिली, तेव्हा तिला ऐकायला लोकांचा महापूर लोटला. मैत्रिणींनो, गटाच्या कर्जाच्या कागदावर सही करताना आम्ही तुम्हाला तीनतीनदा वाचायला लावतो ना, त्याचं कारण हेच. कागदावर केलेली एक सही बाईचा गळा वीस वर्षं बंद ठेवू शकते.

आता परत गिरणीकडं येऊ. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आपल्या जिल्ह्यांतली कितीतरी माणसं त्या वर्षी ट्रंका घेऊन गावी आली ती परत गेलीच नाहीत. ज्या बायका गिरणगावात खानावळी चालवायच्या, दोन-दोन पाळ्यांचे डबे भरायच्या, त्यांचीही चूल थंडावली. याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. आपले बचत गट त्याच वाटेनं पुढं आले आहेत. प्रेमाताईही मूळच्या गोव्याच्याच, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या.

१९९१ च्या बांधकाम नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली. चिमण्या पडल्या, टॉवर उभे राहिले. काही ठिकाणी जुन्या गोदामांत कचेऱ्या आणि हॉटेलं आली. अशाच एका गोदामात, मथुरादास मिलच्या आवारात, २००७ च्या अखेरीस ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. निळा बेडूक! हे नाव ऐकून आमच्या बायका हसहसून दमल्या होत्या. जॅझ आणि तऱ्हेतऱ्हेचं संगीत समोर बसून ऐकायची ती जागा होती.

आम्ही ती पाहिली आहे. महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमचा चटण्या-घोंगड्यांचा स्टॉल होता तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातला एक मुलगा तिथं वायरी ओढायचं, स्पीकर लावायचं काम करायचा. म्हणाला, “संध्याकाळी गाणं सुरू व्हायच्या आधी आवाजाची तपासणी असते, तेव्हा घेऊन जातो.” आम्ही आठ जणी गेलो.

बाहेरून गोदामच. आत गेलं की वेगळंच. मधे बुटका मंच, आणि त्याच्याभोवती गोल गोल बैठका, कणगी अर्धी कापून ठेवावी तशा. काही खाली, काही वर. त्यामुळं कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही आणि वाजवणाऱ्याची बोटं दिसतात. चार जण होते. एक पियानोवर, एक ड्रमवर, एकाच्या हातात सॅक्सोफोन, आणि एकाच्या हातात माणसाएवढं उंच व्हायोलिन, त्याला डबल बास म्हणतात. त्यांनी एक चाल धरली. आधी सगळ्यांनी मिळून वाजवली. मग सॅक्सोफोनवाला एकटा सुटला, चाल कुठच्या कुठं घेऊन गेला, बाकीच्यांनी नुसता ठेका धरून ठेवला. तो परत आला, की पियानोवाल्याची पाळी. भजनात बुवा एक चरण घेऊन आळवत जातात, टाळकरी वाट बघत असतात, आणि बुवा समेवर आले की सगळे एकदम उचलतात, तसंच. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण कोण कुणाकडं बघून कधी मान हलवतो ते कळत होतं.

आमच्यातल्या एका वयस्क बाईंचे मालक जवळच्याच गिरणीत साचेखात्यात होते. त्या इकडं-तिकडं बघत म्हणाल्या, “मालक सुट्टीला घरी आलं की बोलायचं ते ओरडून बोलायचं. साच्यांनी कान गेलेलं. पोरं भ्यायची.” मग थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “हितं आता ऐकण्यासाठी पैसं घेत्यात व्हय?” त्यात टोमणा नव्हता. पण आम्ही सगळ्या गप्प झालो.

रात्रीच्या कार्यक्रमाला आम्ही थांबलो नाही. तिकीट होतं, वर खाण्यापिण्याचं बिल. आमच्या स्टॉलच्या विक्रीतून ते परवडणारं नव्हतं. शिवाय दुसरी एक अडचण होती. आपण गावागावांत ‘आडवी बाटली’साठी मतदान घडवणाऱ्या बायका. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, हे आपण लढून करून दाखवलं आहे. आणि असल्या जागांचा खर्च दारूच्या बिलावरच भागतो. तो मुलगा आम्हाला म्हणाला, “मावशी, तिकिटावर नुसता वाजवणाऱ्यांचा खर्च निघतो. जागेचं भाडं पेल्यावर.” त्याचं खोटं नव्हतं. १९४९ च्या दारूबंदीत वाजवणाऱ्यांचं काय झालं ते आपण वर पाहिलंच. आपल्या आडव्या बाटलीचा आम्हाला आजही अभिमान आहे. पण चांगलं गाणं दारूच्या आधारानं उभं राहिलं असेल, तर दारूला नाव ठेवताना गाण्याला दुसरा आधार कोण देणार, हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

ब्लू फ्रॉगची ती जागा २०१६ साली बंद झाली. नऊ वर्षांत तिथं देशोदेशीचे कलाकार वाजवून गेले, आणि नव्या मुलांना आपलं गाणं पैसे देऊन ऐकणाऱ्यांसमोर मांडायला मिळालं. हे छोटं काम नव्हे.

आता आपल्या घरचं उदाहरण घ्या. मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहायचे आणि दर्ग्याच्या आवारात गाणं म्हणून सेवा करायचे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या रेल्वे स्टेशनवर त्यांचा अंत झाला. त्यांना मिरजेत आणून दर्ग्यातच दफन केलं. तेव्हापासून उरुसात त्यांच्या आठवणीची मैफल होते. मोठमोठे गवई तिथं हजेरी लावायला येतात. तिकीट नाही, दार नाही. भाजीची पाटी शेजारी ठेवून म्हातारी बाई ऐकत बसते, आणि तिच्या बाजूला कुणी डॉक्टर. मुंबईची खोली नऊ वर्षांत मिटली, मिरजेची मैफल पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कारण ती कुणा एकाच्या मालकीची नाही. तिला भाडं द्यावं लागत नाही, आणि गाव तिला आपली समजतं.

मग फुकटचं गाणंच बरं, असं म्हणायचं का? थांबा. त्याच खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर. जन्म मिरजेचा, १९०५ चा. आई ताराबाई माने पुढं मुलांना घेऊन वेगळ्या राहिल्या. संसार उभा करायचा होता. त्या काळी बाईनं गायचं म्हणजे कुणा धनिकाच्या बैठकीत गायचं, तो बोलावील तेव्हा, तो देईल तेवढं. घरंदाज म्हणवणाऱ्यांच्या नजरेत तिला मान नसायचा. हिराबाईंनी १९२० च्या दशकात नाट्यगृहात, तिकीट लावून, सर्वांसमोर जलसे केले. आपल्या देशात असं करणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. तिकीट लागलं आणि धनिकाची मर्जी संपली. गाण्याची वेळ ठरलेली, मोल ठरलेलं, आणि बाईचं नाव जाहिरातीवर छापलेलं. पुढं १९७० साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

बघा, एकाच घरात दोन उत्तरं. बापानं गाणं देवापुढं ठेवलं, ते सगळ्यांचं झालं. लेकीनं गाण्याला तिकीट लावलं, म्हणून बाई मानानं उभी राहिली. दोन्ही खरी आहेत. प्रश्न असतो, कुठं कोणतं वापरायचं.

हा प्रश्न आमच्यापुढं गेल्या वर्षी आला. शहरातली काही मंडळी आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला आली. म्हणाली, “या तर लोकांच्या ओव्या, यांना कसलं नाव आणि कसला मोबदला?” गटात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, ओवी विठ्ठलाची, तिचे पैसे घेतले तर पाप लागेल. काही म्हणाल्या, दिवसभर गायला बसलो तर रोजगार बुडतो, तो कोण देणार? चार बैठका झाल्या. एका बैठकीत चहा थंड झाला तरी कुणी उठेना.

शेवटी ठरलं ते असं. आपल्या देवळात, आपल्या बारशाला, आपल्या रेडिओवर ओवी फुकट. तिथं मिरजेचा नियम. जो ती बाहेर नेऊन विकणार, कार्यक्रमात लावणार, त्याच्याशी हिराबाईंचा नियम. दिवसाची मजुरी आधी, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव, तिचं माहेर आणि सासर. मुद्रणाची एक प्रत गटाकडं राहील. आणि तीच ओवी दुसऱ्या कुणाकडं गायला बंदी असं कागदावर कुठंही असेल, तर अंगठा द्यायचा नाही. लॉर्नाबाईंची गोष्ट आम्ही त्या बैठकीत सांगितली होती. एका आजीनं विचारलं, “वीस वर्षं? मग ती घरी तरी गात असंल का?” याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं.

ती मंडळी हे ऐकून गेली, अजून परत आलेली नाहीत. आम्ही थांबलोही नाही. दर गुरुवारी दुपारी गटाच्या खोलीत ओव्यांचं मुद्रण चालू आहे. आजवर एकतीस जणींच्या ओव्या झाल्या, प्रत्येकीचं नाव वहीत आहे. खोलीचं भाडं गटाच्या व्याजातून जातं, हे ठरावात लिहिलेलं आहे, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल.

तुमच्या वाडीत कुणी म्हातारी ओव्या जाणत असेल, तर तिला घेऊन या. येता येत नसेल तर कळवा, आम्ही येतो. आणि घरात गिरणीत काम केलेलं कुणी असेल, तर त्यांना विचारा, कोणती गिरणी, कोणतं खातं, गावकीची खोली कुठं होती, आणि रात्री तिथं कोण काय गायचं. तेही आपल्याला लिहून ठेवायचंय. राम राम.